कानाचं वाक्य

सायकल दुरुस्तीच्या दुकानावरची ती एक खोली रिकामी करायची, किल्ली खाली दुकानदाराच्या हातात ठेवायची आणि आठच्या बसने परत निघायचं, एवढंच काम होतं. धाकट्या भावाने फोनवर सांगितलं होतं, "ताई, तासाभराचं काम आहे गं. दोन पिशव्या आण, बास." धाकट्याचा तासभर म्हणजे काय असतो हे थोरलीला पक्कं ठाऊक होतं. जन्मालाच तो पंधरा दिवस उशिरा आला होता. तरी तिने दोन पिशव्याच आणल्या.

दार उघडलं आणि तिने कपाळावर हात मारून घेतला. एक टेबल, आठ खुर्च्या, एक कपाट, आणि एका अख्ख्या भिंतीला लागून बुटांची जुनी खोकी. एकावर एक, एकाला लागून एक, थेट तिच्या डोक्याच्या वरपर्यंत. प्रत्येक खोक्यावर आईच्या ठसठशीत अक्षरात एकेक नाव. सगळी काठोकाठ भरलेली.

आई तीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होती. डोक्यावर हेडफोन, समोर भोकाभोकांचा फळा, हातात वायरी. लोकांचं बोलणं ऐकायचं नाही असा सक्त नियम होता, पण जोडणी नीट लागली की नाही हे बघण्यापुरतं एखादं वाक्य कानावर पडायचंच. आईचं सगळं इंग्रजी अशा एकेका वाक्यातून गोळा झालेलं होतं. बोलणं कसं सुरू होतं हे तिच्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं. कसं संपतं, ते मात्र तिला कधीच ऐकायला मिळालं नाही.

निवृत्त झाल्यावर तिने ही खोली घेतली आणि मंगळवारी-शुक्रवारी इंग्रजीचा वर्ग सुरू केला. शिकायला येणारे सगळे दिवसभर काम करून येणारे. पुस्तक नाही. पुस्तकातल्या वाक्यांवर तिचा दात होता. "माळी झाडांना पाणी घालतो!" ती म्हणायची. "असं कोण म्हणतं? माळी तरी म्हणतो का?" त्यामुळे तिच्या वर्गाचा एकच नियम होता: मनाचं नको, कानाचं आण. प्रत्येकाने आठवड्यात आपल्या कामाच्या जागी खरोखर ऐकलेलं एक इंग्रजी वाक्य आणायचं. औषधांच्या खोक्यांचे पुठ्ठे कापून केलेल्या कार्डावर ते लिहायचं. मागच्या बाजूला लिहायचं: कोण म्हणालं, कुठे, कधी. मग सगळ्यांनी मिळून ठरवायचं, हे वाक्य कोणत्या खोक्यातलं.

थोरलीने एक खोकं खाली उतरवलं. नाव होतं 'आत्ता चाललंय'. दुसरं, 'झालंय, पण निस्तरायचंय'. त्यात लिफ्टी बंद पडल्या होत्या, नळ फुटले होते, कुणीतरी कुणाची तरी ट्रॉली नेली होती. थोरली शहरात मोठमोठ्या करारपत्रांचं इंग्रजी तपासायच्या नोकरीत होती. या वाक्याच्या रचनेला पूर्ण वर्तमानकाळ म्हणतात हे तिला झोपेतसुद्धा सांगता आलं असतं. पण 'झालंय, पण निस्तरायचंय' हे नाव जास्त खरं होतं, हे तिला मनातल्या मनात कबूल करावं लागलं.

तिसऱ्या खोक्याचं नाव 'वस्तूंचा हट्ट'. 'द विंडो वोन्ट क्लोज.' मागे: बसमधली बाई, ड्रायव्हरला, वैतागून. 'धिस स्टेन वोन्ट कम आउट.' मागे: धुलाईघराच्या मुकादमबाई. 'माय हेअर वोन्ट सिट डाउन.' मागे: सलूनमधलं गिऱ्हाईक, आरशाला. आणि सगळ्यांच्या वर आईची एक चिठ्ठी: आपल्याकडे खिडकी लागेना, डाग निघेना, केस बसेनात, त्यांच्याकडे वोन्ट. वस्तू सगळीकडे सारख्याच हट्टी.

थोरली एकटीच हसली, आणि हसल्याबरोबर तिला ते आठवलं. सहा आठवडे झाले, रोज हे असंच होत होतं. दात घासताना, जिना उतरताना, करारपत्राच्या सतराव्या कलमात. मंगळवार होता. संध्याकाळचे साडेसहा. ती ऑफिसात होती, चहूबाजूंना माणसं, समोर घाईचं काम, आणि आईचा फोन आला होता.

"आर यू बिझी?" आईने विचारलं होतं. ऑफिसात थोरली आईशीही इंग्रजीतच बोले. तिथे सगळेच इंग्रजीत बोलत. आपली भाषा तोंडातून निघाली की शेजारची मान वळे. आईलाही त्यात काही वावगं वाटत नसे. उलट तीच सुरुवात इंग्रजीत करे.

"व्हेरी," थोरली म्हणाली होती. "कॅन आय कॉल यू बॅक इन टेन मिनिट्स?"

"ऑफ कोर्स."

दहा मिनिटांचा तास झाला, तासाची रात्र झाली. फोन राहिला. बुधवारी सकाळी चहाचं आधण ठेवता ठेवता आई ओट्यापाशी खाली बसली, ती उठलीच नाही. त्या सगळ्यात फोनवर मागितलेली दहा मिनिटं कुठेच बसत नव्हती. आईला काय सांगायचं होतं? छातीत दुखत होतं का? की असंच, नळ गळतोय, धाकट्याला सांग? धाकट्याजवळ ती याबद्दल चकार शब्द बोलली नव्हती. कुणाहीजवळ नाही. दुसरं सगळं आवरता येईल असं तिला वाटत होतं, पण ही एक गोष्ट कळल्याशिवाय काही खरं नव्हतं. आणि ती आता सांगणार तरी कोण?

तेवढ्यात तिचा फोन वाजला. ऑफिसचाच. रजेवर असलेल्या माणसाला फोन करून 'रजेवर आहेस ना, सहज केला' म्हणणारी एक जात असते, त्यातला साहेब. ती दारापाशी उभी राहून, खांद्याने फोन कानाला दाबून, दोन्ही हातांनी खोकं सावरत म्हणाली, "आय ॲम रिअली सॉरी, आय विल कॉल यू बॅक."

आणि जिन्यातून, अंधारातून, तीन आवाज एका सुरात म्हणाले, "आय ॲम रिअली सॉरी, आय विल कॉल यू बॅक."

तिचेच शब्द, तिचाच सूर. 'रिअली'वर तिचंच ते किंचित लांबणं, 'बॅक'ला तिचंच ते तोडून टाकणं. खोकं हातातून सुटलं आणि हट्टी वस्तू जिनाभर पसरल्या.

"अगं बाई, बाईंची थोरली!" जिन्यातून एक ठेंगणी, खणखणीत बाई वर आली. मागून एक पांढऱ्या मिशांचे गृहस्थ आणि त्यांच्यामागे खांद्याला हत्यारांची पिशवी लावलेला एक उंच माणूस. तिघेही वाकून कार्डं गोळा करत होते आणि एकमेकांकडे बघून हसू दाबत होते.

बाई म्हणजे हॉस्पिटलच्या धुलाईघरातल्या काकू. कार्डांचे पुठ्ठे त्याच आणत. मिशावाले म्हणजे कोपऱ्यावरच्या सलूनचे दादा. उंच माणूस लिफ्टी दुरुस्त करणारा. वर्गात त्याला सगळे लिफ्टभाऊ म्हणत.

"आज शुक्रवार ना," काकू म्हणाल्या. "सहा वाजले. आम्ही येतोच. बाई गेल्या म्हणून शुक्रवार थोडाच थांबतो?"

"पण… शिकवतं कोण?"

"कुणी नाही. भांडतो आम्ही. कुठलं कार्ड कुठल्या खोक्यात, यावर." काकूंनी खुर्ची ओढली. "बाई होत्या तेव्हाही तेच करत होतो. फक्त तेव्हा त्या जिंकायच्या."

थोरलीने विचारलं, "तुम्हाला माझा आवाज कसा माहीत?"

 दादांनी मिशी चाचपली. लिफ्टभाऊने पिशवीतला पाना काढून परत आत ठेवला.

"आधी बसा तुम्ही," काकू म्हणाल्या. "चहा मागवते."

चहा येईपर्यंत वर्ग सुरूही झाला. लिफ्टभाऊने त्या आठवड्याचं वाक्य आणलं होतं: 'हाऊ लाँग यू आर गोइंग टू टेक, मॅन?' असं काहीतरी, अर्धवट ऐकलेलं. थोरलीला राहवेना. जन्मभर दुसऱ्यांची वाक्यं दुरुस्त करून पोट भरलेलं माणूस ते. तिने नवं कार्ड घेतलं आणि सुबक अक्षरात नीट वाक्य लिहून दिलं. लिफ्टभाऊने ते आदराने दोन्ही हातांत घेतलं, वाचलं, उलटं केलं.

"मागं काय लिहू, ताई? कोण म्हणालं?"

"कोण म्हणजे… मीच."

"कुणाला?"

"कुणाला नाही. हे बरोबर वाक्य आहे."

"मग हे मनाचं झालं," लिफ्टभाऊ म्हणाला आणि कार्ड तितक्याच आदराने परत दिलं.

"तो मनुष्य मात्र खरा होता हो," दादा म्हणाले. "सांग की ताईंना. कशावरून ओरडला ते सांग."

"जाऊ द्या ना दादा."

"का जाऊ द्या? अहो ताई, दोन मजल्यांच्या मधे लिफ्ट अडकलेली. आत एक साहेब. आतून ह्याला फोन करतोय, मदत करा, मदत करा. आणि हा बाहेर दुसऱ्या कामात. तर हा त्याला काय म्हणाला असेल?" दादांनी श्वास घेतला आणि हुबेहूब थोरलीच्या आवाजात म्हणाले, "कॅन आय कॉल यू बॅक इन टेन मिनिट्स?"

काकू पदराआड हसत होत्या. "नम्र वाक्य आहे म्हणून पाठ केलं होतं बिचाऱ्याने."

"नम्रच आहे ते," लिफ्टभाऊ कुरकुरला. "बाई म्हणायच्या, एवढं नम्र वाक्य आपल्या वर्गात दुसरं नाही."

थोरली हसली नाही. तिच्या हातातला कप तसाच राहिला. "ते वाक्य तुम्ही कुठे ऐकलं?"

आता मात्र काकू उठल्या. कपाट उघडून त्यांनी खालच्या फळीवरून एक मोठं स्टीलचं पातेलं काढलं आणि टेबलाच्या मधोमध ठेवलं. पातेल्यात आईचा फोन होता.

हा फोन धाकट्याने घरभर शोधला होता. गाद्या उलट्यापालट्या केल्या होत्या, पिठाच्या डब्यात हात घातला होता.

"आम्ही सांगितलं होतं धाकट्यांना," काकू म्हणाल्या. "म्हणाले, ताई येणार आहे, ती सगळं एकदमच नेईल."

धाकटा तेवढं सांगायचं विसरला होता. रेनकोट आण हे त्याने तीनदा सांगितलं होतं.

"दर मंगळवारी साडेसहाला बाई फोन असा पातेल्यात ठेवायच्या," काकू सांगू लागल्या. "आवाज घुमतो, सगळ्यांना ऐकू येतो. आणि तुम्हाला लावायच्या. आम्ही सगळे टेबलाभोवती, श्वास रोखून. दादांना एकदा शिंक आली तर त्यांनी तोंडात रुमाल कोंबला होता. खऱ्या ऑफिसातलं, खऱ्या घाईतलं इंग्रजी आम्हाला दुसरीकडे कुठे ऐकायला मिळणार? तुम्ही अर्धं मिनिट बोलायचात. पण त्या अर्ध्या मिनिटावर आमचा तासभर जायचा."

थोरलीला आठवलं, ती कितीदा म्हणाली होती, आई, विहिरीतून बोलतेस का गं? आणि आई म्हणायची, हो, पाणी भरतेय.

"मला कधी सांगितलं नाही तिने."

"कसं सांगतील? सांगितलं असतं तर तुम्ही मनाचं बोलला असतात."

लिफ्टभाऊने भिंतीकडे जाऊन दोन खोकी उतरवली. एकावर 'वचनं', दुसऱ्यावर 'करणार होते, पण…'. पहिल्यात नुसतं आय विल, आय विल. दुसऱ्यात आय वॉज गोइंग टू, आय वॉज गोइंग टू. पहिल्यातलं जवळजवळ प्रत्येक वचन आठवड्याभराने दुसऱ्या खोक्यात येऊन पडलेलं होतं. सगळ्यांच्या मागे एकच नाव, थोरली. अकरा वर्षं ती समजत होती की आई नेमकी नको त्या वेळेला फोन करते. आईने नेमकी तीच वेळ साधली होती.

तिला हसूही येईना आणि दुसरंही काही येईना. तिने कप खाली ठेवला. आणि जी गोष्ट सख्ख्या भावाला सांगितली नव्हती ती या तीन परक्या माणसांना विचारून बसली.

"शेवटच्या मंगळवारी… तिला मला काय सांगायचं होतं?"

"सांगायचं?" काकू गोंधळल्या. "काही नाही हो. मंगळवार होता."

"बरं नव्हतं का तिला? काही म्हणाली का?"

"छे! ठणठणीत होत्या. ह्या लिफ्टवाल्याला झाप झाप झापलं होतं, स्पेलिंगवरून."

"खरं आहे," लिफ्टभाऊ म्हणाला.

"तुमचा फोन झाला, तर म्हणाल्या, बघा, हे 'विनवण्या' खोक्यातलं. एवढी मोठी झाली, पण अजून माझ्याकडे परवानगी मागते. आणि हसल्या. मग आम्ही पैज लावली."

"कसली पैज?"

काकूंनी जीभ चावली. आता बाण सुटला होता. दादांनी घसा खाकरला आणि सलूनमधल्या माणसाला शोभेल अशा सराईतपणाने बोलण्याचा वस्तरा स्वतःच्या हातात घेतला. "ताई, राग मानू नका. तुम्ही परत फोन करणार म्हणालात की आम्ही पैज लावायचो. वर्ग संपेपर्यंत तुमचा फोन येतो की नाही. आम्ही म्हणायचो येणार. बाई म्हणायच्या, नाही येणार. हरणाऱ्याने दहा स्पेलिंग पाठ करायची. माझं सगळं स्पेलिंग तुमच्यामुळे सुधारलं."

थोरली खाली बघत म्हणाली, "म्हणजे ती नेहमी जिंकायची."

"तीनदा हरल्या की," काकू म्हणाल्या. "तीनदा तुम्ही खरंच केला होता परत. एकदा वाढदिवसाला, एकदा तुमचं घर बदललं तेव्हा, आणि एकदा असाच, काही कारण नसताना. हरल्या की इतक्या खूश असायच्या! चहा त्यांच्याकडून."

 खाली दुकानात कोणीतरी चाकाला हवा भरत होतं; पंपाचा आवाज तेवढा वर येत होता.

"त्या दिवशी फोन इथेच राहिला," लिफ्टभाऊ हळूच म्हणाला. "पातेल्यातच. स्पेलिंगच्या भांडणात बाई विसरल्या. शुक्रवारी आम्हाला मिळाला." तो थांबला. यंत्रांशी बोलायची सवय असलेल्या माणसासारखं त्याने सरळ सांगितलं, "दहा मिनिटांनी केला असतात तर लागला असता. नंतर केला असतात तर इथे वाजला असता. रिकाम्या खोलीत."

थोरलीने मान हलवली. ही काही सुटका नव्हती. दहा मिनिटं ती दहा मिनिटंच राहिली. पण सहा आठवडे त्या दहा मिनिटांच्या मागे जो एक मोठा काळोख उभा होता, त्यात आता दिवा लागला होता, आणि दिव्याखाली एक टेबल होतं, एक पातेलं होतं, आणि पैज जिंकून हसणारी एक बाई.

"ते कार्ड आहे का?" तिने विचारलं.

'विनवण्या'मध्ये सगळ्यांत वर होतं. पुढे वाक्य. तिने उलटं केलं. थोरली. ऑफिस. मंगळवार, साडेसहा. हे नियमाप्रमाणे झालं. पण खाली, बारीक अक्षरात, नियमात नसलेली आणखी एक ओळ होती: आवाज बसलाय. विचारायचं.

तिला खरंच सर्दी झाली होती त्या आठवड्यात. ऑफिसात शेजारी बसणाऱ्यालाही कळलं नव्हतं.

तिने 'वचनं' खोकं पुढे ओढलं आणि एकेक कार्ड पालथं घालू लागली. जेवली नसावी. हसली, चांगलं काहीतरी आहे. खोकला, तिसरा आठवडा. कुणावर तरी चिडलीये, माझ्यावर नाही. नवे बूट, टाचा वाजतात. आज दमली. आज दमली. आज आवाज लहानपणीसारखा.

तीस वर्षं जिने माणसांची एकेक वाक्यं ऐकली, तिला एवढ्यात सगळं कळत होतं तर. थोरली वाचत राहिली. काकूंनी दादांना खूण केली, दादांनी लिफ्टभाऊला, आणि तिघेही टेबलाच्या दुसऱ्या टोकाला जाऊन दबक्या आवाजात पण जोरजोरात भांडू लागले, एक ट्रॉली हरवली हे 'झालंय' की 'आत्ता चाललंय' यावर.

साडेसात वाजले तेव्हा दोन्ही पिशव्या रिकाम्याच होत्या. थोरलीने फक्त ते एक कार्ड पर्समध्ये ठेवलं.

"ताई, एक मागायचं होतं," जिन्यापाशी काकू म्हणाल्या. "मंगळवारचा फोन चालू ठेवाल का?"

"पण आता ताईंना माहीत झालं," लिफ्टभाऊने शंका काढली. "मग ते कानाचं कसं राहील? ठरवून बोलतील."

"काही ठरवत नाहीत," दादा म्हणाले. "माणूस घाईत असलं की त्याला जे माहीत असतं तेच आधी विसरतं. रोज बघतो मी खुर्चीत."

"बघते," थोरली म्हणाली. आईचा फोन तिने उचलला, जरा वेळ हातात धरला आणि परत पातेल्यात ठेवला. किल्ली काकूंच्या हातात दिली.

खाली सायकलवाल्याने चाकातून मान वर काढली. "किल्ली?"

"नंतर देते," ती म्हणाली, आणि स्वतःच थबकली. वरून जिन्यातून तिघांचं हसणं ऐकू आलं. तिने मागे वळून सायकलवाल्याला सगळं नीट सांगितलं, खोली चालूच ठेवायची आहे, भाऊ येऊन बोलेल. "तासाभरात," ती म्हणाली. सायकलवाला धाकट्याला ओळखत असावा. त्याने एक सुस्कारा टाकला आणि पुन्हा चाकात डोकं घातलं.

पुढच्या मंगळवारी ऑफिसात नेहमीचीच धांदल होती. तेवीस पानांचं करारपत्र साडेसातच्या आत जायचं होतं. दादा म्हणाले होते तसंच झालं. सव्वासहापर्यंत तिला आठवत होतं, मग विसरली.

साडेसहाला फोन थरथरला. स्क्रीनवर नाव आलं, आई.

शेजारच्याची मान वळली, कारण थोरली एकदम ताठ बसली होती. दोनदा वाजू दिला तिने. मग उचलला.

"हॅलो," विहिरीतून काकूंचा आवाज आला, घाबरलेला, घोटून घोटून पाठ केलेला. "आर यू बिझी?"

समोर तेवीस पानं होती. आजवर दिलेलं प्रत्येक उत्तर तयार होतं, खोकी भरभरून.

"नो," थोरली म्हणाली.

विहिरीत घाईघाईने कार्डं चाळल्याचा आवाज झाला. मग लिफ्टभाऊची कुजबुज, जिला तो कुजबुज समजत असे, सगळ्या ऑफिसला ऐकू जाईल अशी: "हे आपल्याकडे नाही!"

"आता काय म्हणायचं?" काकू कुणाला तरी विचारत होत्या. "पुढचं कधी ऐकलंच नाही आपण. अहो ताई, जेवलात का दुपारी?"

"इंग्लिश, काकू, इंग्लिश!" दादा ओरडले.

खुर्च्या सरकल्या, खोकी सरकली, काहीतरी खाली पडलं. पातेलं घुमलं. मग काकूंनी एकेक शब्द पाटावर मांडल्यासारखा मांडला. "हॅव… यू… ईटन?"

थोरलीने टेबलाच्या कोपऱ्यातल्या डब्याकडे बघितलं. सकाळी लावलेलं झाकण तसंच होतं.

"नॉट येट," ती म्हणाली. मग खुर्ची मागे सरकवून, शेजारच्या वळलेल्या मानेकडे न बघता, तिने आपल्या भाषेत विचारलं, "काकू, मागे काय लिहिताय?"

"थांबा हो," काकू म्हणाल्या. "लिहू तर द्या."

ती डब्याचं झाकण उघडत थांबली.